स्वयंपाकघर, दुपार

यासीनभाई,

परवा दुपारी तुमच्या घरी गेलो होतो. तुमची लेक रेहाना चहा टाकायला उठली, मी तिच्यामागोमाग स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो आणि तिथं उभा राहिलो. फ्रिजची घरघर चालू होती. खालून कुणी तरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. आणि माझ्या लक्षात आलं, की मी श्वास रोखून उभा आहे. तुम्ही लावलेली सवय. तुम्ही नाही, तरी तुमच्या घरात मी खोली बिघडवायला तयार नव्हतो.

तुमच्या स्मरणार्थ निघणाऱ्या पुस्तकासाठी तुमच्याबद्दल लिहून द्या, असं मला सांगण्यात आलंय. तुमचा जन्म कुठला, शिक्षण किती, किती चित्रपटांना ध्वनी दिला, ते इतर लोक लिहितील आणि माझ्यापेक्षा बिनचूक लिहितील. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती चार लोकांच्या देखत करतो आहे, कारण एकांतात करायची संधी मला मिळाली होती आणि ती मी लबाडीनं वापरली. त्याबद्दलही लिहीन. तुम्ही म्हणायचात, आधी खोली घ्या, मग बोलणं घ्या. तसंच करतो.

ज्यांनी तुम्हाला काम करताना पाहिलं नाही त्यांना हे 'खोली घेणं' समजणार नाही. प्रसंग चित्रित झाला, सगळे चहाकडे पळायच्या बेतात आहेत, अशा वेळी तुम्ही हात वर करायचात. "कुणी हलू नका. खोली घेतोय." मग पंचवीस-तीस माणसं जिथल्या तिथं पुतळ्यासारखी उभी. कुणाचा हात टिफिनवर, कुणाचा एक पाय चपलेत. एक मिनिट तुम्ही नुसती ती खोली टेपवर उतरवून घ्यायचात. काहीच घडत नसलेली खोली. पुढे संवादांच्या मधल्या जागा भरायला ती शांतता लागते, हे तांत्रिक कारण. पण तुमचा चेहरा बघून तांत्रिक कारण खरं वाटायचं नाही. तुम्ही डोळे मिटून असे उभे असायचात, जणू त्या भिंती तुम्हाला काही तरी सांगताहेत. मिनिट संपलं की तुम्ही हेडफोन खाली करायचात आणि हळू आवाजात म्हणायचात, "झालं. श्वास घ्या." आणि आम्ही सगळे घ्यायचो.

मी तेव्हा तिशीतला, पहिलाच चित्रपट करणारा, स्वतःवर बेहद्द खूश असलेला दिग्दर्शक. मला ते मिनिट वाया गेल्यासारखं वाटायचं. एकदा बोलूनही दाखवलं, "भाई, रिकाम्या खोलीत असतं काय? सगळ्या रिकाम्या खोल्या सारख्याच." तुम्ही वाद घातला नाही. तुमच्या कपाटातल्या पाच कॅसेट काढल्यात, माझ्या हातात दिल्यात आणि म्हणालात, "लेबलं मला दाखवू नका. एकेक लावा." मी लावल्या. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात. पहिली लागली आणि दोन क्षणांत तुम्ही म्हणालात, "लोणी काळभोरची शाळा, सातवीचा वर्ग, पत्र्याखाली." दुसरी: "कात्रजच्या डेअरीजवळचं गोदाम. माल उतरवलेला आहे." तिसरीला जरा थांबलात. "आपल्या शूटिंगच्या बंगल्यातली वरची न्हाणी. पण दार उघडं आहे." मी लेबल वाचलं. 'कर्वेनगर, वरची न्हाणी, दार उघडं.' मला तर पाचही कॅसेटांमध्ये एकच खरखर ऐकू येत होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुम्हाला घाबरलो, भाई. चांगल्या अर्थानं. देवळात आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसं झालं.

हा प्रसंग मी इथं मुद्दाम सांगितला आहे. पुढे मी जो मूर्खपणा केला तो हा प्रसंग विसरून केला.

पहिला भाग आठवतोय ना? 'वरचं बिऱ्हाड'. कर्वेनगरमधल्या सोसायटीत एक कुटुंब जुना बंगला विकत घेतं, आई, वडील, दोन मुलं, आणि वरच्या मजल्यावर अजून कुणी तरी राहतं. मूळ मालकाची बहीण. वर एकटी मेलेली, चार दिवस कुणाला पत्ता नाही. शेवटी ते कुटुंब जिन्याचं दार खिळे ठोकून बंद करतं. बंगल्याचे खरे मालक निवृत्त प्राध्यापक होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फाटकावर पाटी लावली होती : 'चित्रीकरण दोनपर्यंत. दोन ते चार घरातली माणसे झोपतात. भुतांनीही सहकार्य करावे.' तुम्ही ती पाटी वाचून इतके खूश झालात, की दोन ते चार तुम्ही त्या झोपलेल्या घराच्या सगळ्या खोल्या घेतल्यात. प्राध्यापकांचं घोरणं चित्रपटात वरच्या मजल्यावरून येतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. प्रीमियरला मात्र ते तुमच्याजवळ येऊन म्हणाले होते, "तो गुरगुरण्याचा आवाज उत्तम. कुठला प्राणी?" तुम्ही म्हणालात, "पाळीव आहे, सर."

चित्रपट चालला. निर्मात्यानं आठवडाभरात दुसऱ्या भागाची जाहिरात दिली. तुम्हाला तो नको होता. आपल्यातला खरा वाद तिथून सुरू झाला आणि तो संपलाच नाही.

"त्या बाईला आपण खिळे ठोकून आत कोंडलं," तुम्ही म्हणालात. "आता परत कशाला बोलावता? काही काम आहे का तिच्याकडे?"

"लोकांना ती हवी आहे."

"लोकांना घाबरायचं आहे. तिला काय हवं आहे ते कुणी विचारलं?"

मी म्हणालो, भाई, ती भूत आहे, आणि कथा मी लिहितो. तुम्ही म्हणालात, "भूत म्हणजे घरातलंच माणूस. आपण त्याला घाबरतो कारण आपण त्याचं काही तरी केलेलं असतं. नाही तर घरच्या माणसाला कोण घाबरतं?" मी ते वाक्य चोरून दुसऱ्या भागात वडिलांच्या तोंडी घातलं. समीक्षकांनी ते उचलून धरलं. तुम्ही हसलात फक्त.

आणि काम घेतलंत. घेतल्यावर मन लावून केलंत. दुसऱ्या भागात ती बाई जिन्यावरून खाली येते, हे मी ठरवलं होतं. कशी येते, ते तुम्ही सांगितलंत. "ती दाखवू नका. स्वयंपाकघर दाखवा. रिकामं. स्वच्छ. दुपारचं ऊन आलेलं. आणि तिथं कुणी तरी काम करतंय असं ऐकू द्या. वर एकटी मेली ना ती? मग ती खाली स्वयंपाकघरातच येणार. दुसरं कुठं जाणार?" मी भुताच्या चित्रपटाचा दिग्दर्शक, आणि भूत काय असतं ते मला तुम्ही भवानी पेठेतल्या तुमच्या घरी, मोडक्या खुर्चीत बसून, दालचा-भात खाताना सांगितलंत.

तो दालचा नूरभाभींच्या हातचा. त्यांचं दुखणं तेव्हा बरंच पुढे गेलं होतं. दोन खोल्या चालल्या तरी धाप लागायची. पण स्वयंपाक कुणाला करू द्यायच्या नाहीत. मला वाढताना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या त्या भुतीणबाईला जेवायला घालता का कधी? की नुसती जिन्यावर उभी करता?" मी म्हटलं, "भाभी, भुतं जेवत नाहीत." त्या म्हणाल्या, "विचारलंत का?" तुमच्या घरात सगळेच माझ्या कथेत चुका काढायचे.

चित्रीकरण संपलं आणि त्या गेल्या. तुम्ही मला निरोप पाठवलात : चाळिसावा दिवस होईपर्यंत येणार नाही, स्वयंपाकघराचा आवाज मी आलो की करतो, तेवढ्यासाठी थांबा. कपाटाची किल्लीही पाठवलीत, बाकी काम अडायला नको म्हणून.

मी थांबलो नाही.

कारणं होती. प्रदर्शनाची तारीख ठरली होती, सगळे आवाज एकत्र करायला मिक्सिंगची खोली राखून ठेवलेली होती. कारणं नेहमीच असतात. तुमच्या सहायकानं भांडी वाजवून, बांगड्या वाजवून आवाज केले. ते ऐकून हसू येत होतं. एखाद्या नाटकात विंगेतून कप पडल्यासारखं. मग एका दुपारी मी एकटा मिक्सिंगच्या खोलीत बसलो, तुमचं कपाट उघडलं आणि कॅसेटांवरची लेबलं वाचत गेलो. तुमचं अक्षर. सरळ, शाळामास्तरासारखं. त्यात एक होतं : 'घर. स्वयंपाकघर, दुपार.'

लावली. एक मिनिट.

नव्या माइकची चाचणी तुम्ही घरी करत असणार. आधी नुसती खोली. लांबून भंगारवाल्याची हाळी. मग कुणी तरी तव्याजवळ उभं आहे असं कळतं. कसं कळतं ते सांगता येत नाही. काकण कडेला लागतं. मग श्वास. आत जाताना मोठा, बाहेर येताना बारीक शिटीसारखा, आणि मध्येच थांबणारा. थांबला की ऐकणाऱ्याचाही थांबतो. मग पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आणि पुन्हा श्वास. मला लगेच ओळखू आलं. त्या घरात मी शंभरदा जेवलो होतो. हा कुणाचा श्वास आहे हे मला कळलं नाही, असं मी आयुष्यात अनेकांना सांगितलं आहे. ते खोटं आहे.

मिनिटाच्या शेवटी दोन वाक्यं होती. एक तुमचं, एक त्यांचं. ती मी चित्रपटात घेताना कापली. भूत बोलून चालणार नव्हतं.

उरलेलं मी चित्रपटात सात ठिकाणी लावलं. रिकामं स्वयंपाकघर आणि त्यात नूरभाभी. एकदा लावलं असतं तर कदाचित मी स्वतःला माफ करू शकलो असतो. पण पहिल्यांदा लावलं तेव्हा खोलीतल्या मिक्सिंगवाल्या माणसानं वळून मागं बघितलं, आणि मला हाव सुटली. एका ठिकाणी त्यावर मांजर, दुसऱ्या ठिकाणी व्हायोलिन, तिसऱ्या ठिकाणी मुलीची किंकाळी. जिथं जिथं कथा पडत होती तिथं तिथं मी तुमची बायको उभी केली.

चित्रपट पहिल्यापेक्षा जास्त चालला. लोक त्या आवाजाबद्दलच बोलायचे. मी मुलाखतींत सांगायचो, मशीनवर तयार केला.

चाळिसाव्यानंतर तुम्ही आलात आणि म्हणालात, चला, बघू या. दुपारच्या खेळाला आपण दोघं गेलो. पहिल्यांदा स्वयंपाकघर आलं, ऊन आलं, आणि श्वास आला. पुढच्या रांगेत एका बाईनं नवऱ्याचा दंड धरला. अख्खं थिएटर गप्प. चिप्सची पाकिटं थांबली. मी तुमच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. मांडीवरचे तुमचे हात तेवढे दिसत होते. ते हलले नाहीत. सातही वेळा हलले नाहीत. तुम्ही खोली घेताना जसे उभे असायचात, तसे बसला होतात.

बाहेर आल्यावर उन्हात डोळे बारीक करून तुम्ही म्हणालात, "आवाज चांगला आहे. कुणाचा?"

तुम्ही 'कशाचा' म्हणाला नाहीत. 'कुणाचा' म्हणालात. मला दार उघडून दिलंत.

मी म्हणालो, "मशीनवर केला, भाई."

"चांगलं मशीन आहे," म्हणालात, आणि बसस्टॉपकडे चालू लागलात.

यापुढचं लिहिताना हात अडतो. तुम्ही उद्या कामावर येणार, कपाट उघडणार, ती टेप लावणार, आणि माझं खोटं उघडं पडणार, या भीतीनं मी थेट मिक्सिंगच्या खोलीत गेलो. कुणी नव्हतं. ती कॅसेट लावली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. समोर माइक होता. कुणीही न बोलता, कुणीही न हलता, एसी चालू असलेली ती रिकामी खोली मी नूरभाभींवर उतरवली, तुम्हा दोघांच्या त्या दोन वाक्यांसकट, शेवटापर्यंत. मग कॅसेट जशीच्या तशी कपाटात ठेवून दिली. लेबल तेच : 'घर. स्वयंपाकघर, दुपार.' मला वाटलं, तुम्ही लावाल, खरखर ऐकाल, आणि समजाल, टेप खराब झाली. रिकामी खोली म्हणजे रिकामी खोली. पाच कॅसेटांचा तो दिवस माझ्या डोक्यातून साफ निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. काही बोलला नाहीत. मी सुटकेचा श्वास टाकला.

पुढच्या आठवड्यात थिएटरचा डोअरकीपर भेटला. म्हणाला, "साहेब, तुमचे ते भाई रोज येतात. दुपारचा खेळ. उजवीकडच्या स्पीकरखाली कडेची खुर्ची. पडद्याकडे बघत नाहीत. मान खाली घालून बसतात. तिकिटाचे घेऊ नको म्हणू का बुकिंगवाल्याला?" मी म्हटलं, त्यांना विचार. तो म्हणाला, "विचारलं. म्हणाले, घरच्या माणसाला भेटायला फुकट कसं जायचं?"

चित्रपट उतरेपर्यंत तुम्ही गेलात. मला कळत होतं तुम्ही का जाता. नूरभाभी दुसरीकडे कुठं नव्हत्याच. मीच ठेवल्या नव्हत्या. आणि मी एकदाही त्या कडेच्या खुर्चीशेजारी येऊन बसलो नाही.

त्यानंतर पंधराएक वर्षं आपण एकत्र काम केलं. हे मला आजही उलगडत नाही. मी तुम्हाला बोलवायचो कारण तुमच्याइतका कान दुसऱ्या कुणाला नव्हता. तुम्ही का येत होतात? दर चित्रीकरणाला तुम्ही हात वर केलात, सगळे थबकले, की ते मिनिट मला तासासारखं व्हायचं. डोळे मिटलेला तुमचा चेहरा समोर. मनात म्हणायचो, आता हे संपलं की सांगतो. तुम्ही म्हणायचात, "झालं. श्वास घ्या." आणि मी चहाकडे पळायचो.

एकदा सांगितलं. ते तर सगळ्यांत लाजिरवाणं आहे. गेल्या पावसाळ्यात तुम्ही दवाखान्यात होतात. तुमचा डावा कान काही वर्षांपूर्वीच गेला होता, अशा माणसाचा कान जावा याची सगळ्यांना हळहळ, तुम्ही मात्र म्हणायचात, "बरं झालं, आता निम्म्याच चुका ऐकू येतील." त्या दिवशी मी मुद्दाम कॉटच्या डाव्या बाजूला स्टूल घेतलं. आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. टेप, सात ठिकाणं, रेकॉर्डचं बटण. सगळं. तुम्ही छताकडे बघत पडून होतात. माझं संपल्यावर मान वळवलीत. "काही म्हणालात?"

"चहा सांगू का, विचारत होतो."

"सांगा," तुम्ही म्हणालात. "बिनसाखरेचा. आणि पुढच्या वेळी या बाजूला बसा."

पुढची वेळ आली नाही.

म्हणून परवा घरी आलो. रेहानानं चहा दिला, समोर बसली. लोणी काळभोरच्या कॉलेजात मुलांना शिकवून तिचा आवाज तुमच्यासारखाच झाला आहे, हळू आणि ठाम. म्हणाली, "काका, अब्बांनी एक वस्तू ठेवली आहे. म्हणाले होते, मी गेल्यावर ते येतील, तेव्हा दाखव. त्याआधी नको." आणि तिनं ती कॅसेट माझ्यासमोर ठेवली.

लेबलावरचं 'घर. स्वयंपाकघर, दुपार' हे तुम्ही एका सरळ रेघेनं खोडलं होतं. खाली, त्याच शाळामास्तरी अक्षरात, पण शाई जुनी झालेली, लिहिलं होतं : 'मिक्सिंगची खोली. एसी चालू. एक माणूस, उभा.'

एक माणूस, उभा. मी तिथं होतो हेही तुम्हाला ऐकू आलं होतं. श्वास मी तेव्हाही रोखलाच असणार, तरी ऐकू आलं. वीस वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, तुम्ही टेप लावलीत, काय झालं ते सगळं त्या खरखरीतून ऐकलंत, आणि केलंत काय, तर लेबल दुरुस्त केलंत. चुकीचं लेबल तुम्हाला सहन होत नव्हतं. बाकी सगळं सहन झालं.

"याचा अर्थ काय, काका?" रेहानानं विचारलं. "मी विचारलं तर म्हणायचे, ते सांगतील."

मी सांगितलं. ऐकू येणाऱ्या बाजूला बसून, मोठ्यानं. तिच्या आईचा तेवढा एक आवाज टेपवर होता, तो मी आधी चोरला आणि मग पुसला, हे तिच्या तोंडावर सांगितलं. तिनं कॅसेट उचलून लेबल पुन्हा वाचलं. मग म्हणाली, "म्हणजे वीस वर्षं तुम्ही दोघं एकमेकांना चहा पाजत होतात."

मी कप खाली ठेवला.

"आणि आम्ही समजत होतो, अब्बांना भुतांचे सिनेमे आवडतात." ती उठली, तुमच्या कॉम्प्युटरपाशी गेली. "निवृत्त झाल्यावर माझ्याकडून हे शिकून घेतलं. रोज दुपारी बसायचे. त्या पिक्चरच्या सीडीतून आवाज काढायचे, तुकडे करायचे, जोडायचे. काय करताय विचारलं तर म्हणायचे, शिवतोय."

तुम्ही काय शिवलंत ते तिनं मला ऐकवलं. मी सात ठिकाणी तोच श्वास लावला होता, आणि सातही ठिकाणी त्याच्यावर वेगवेगळी घाण टाकली होती. जिथं मांजर ओरडतं तिथं व्हायोलिन नाही. जिथं व्हायोलिन आहे तिथं किंकाळी नाही. तुम्ही सातही जागा एकमेकांवर ठेवल्यात आणि प्रत्येकीतला जेवढा स्वच्छ होता तेवढा क्षण, अर्धा क्षण, उचलून घेतलात. मी एकदाच लावला असता तर हे झालं नसतं. माझी हाव कामी आली, भाई. कुणाच्या वाईट कृत्यातून इतक्या शांतपणे, इतकी वर्षं बसून, चांगलं ते वेगळं काढणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्याला मूळ टेप परत मिळायची आशा असते तो असं शिवत बसत नाही. तुम्हाला आशा नव्हती. तुम्ही नुसते कामाला लागलात.

भंगारवाल्याची हाळी. काकण. श्वास आत, मोठा. बाहेर, बारीक. थांबला. आम्ही दोघंही थांबलो. झाकण. पुन्हा श्वास. रेहाना माझ्याशेजारी ताठ उभी होती, एक हात खुर्चीच्या पाठीवर, आणि ती हलत नव्हती. तुम्ही तिलाही लहानपणीच शिकवलं असणार. कुठंही भीती वाटली नाही, हे मला सांगायचं आहे. जो आवाज ऐकून अख्खं थिएटर गोठलं होतं, तो आवाज नुसता एका बाईचा होता, जी दमली आहे आणि तरी स्वयंपाक करते आहे. भूत मी होतो त्या घरातलं.

मिनिट संपलं. पुढे काही नव्हतं. फाइलीला नाव दिलं होतं : 'घर. स्वयंपाकघर, दुपार.'

"शेवट नाही," रेहाना म्हणाली. "अब्बा म्हणायचे, शेवटी आम्ही दोघं काही तरी बोललो होतो. ते पिक्चरमध्ये नाही, त्यामुळे मिळालं नाही. त्यांना नक्की शब्द आठवत नव्हते. फार आठवून बघायचे. अम्मी हसली होती, एवढं म्हणायचे."

तेव्हा मला समजलं, तुम्ही रेहानाला माझी वाट बघायला का लावलं होतंत. ते शब्द मी कापले होते, पुसले होते, आणि कापण्याआधी मशीनवर मागेपुढे करून दहा वेळा ऐकले होते. तुम्ही विसरलात. त्या गेल्या. ते आता जगात एकाच ठिकाणी शिल्लक होते, आणि ते ठिकाण मी होतो. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर मी तिथल्या तिथं सांगितले असते, भाई. आणि मी एकदा खरं बोललो असतो तर तुम्हाला विचारावं लागलं नसतं. दोन वाक्यं. वीस वर्षं माझ्या तोंडात होती आणि तुम्ही समोर बसून बिनसाखरेचा चहा पीत होतात.

मी रेहानाला म्हणालो, "मिनिट संपल्यावर तुझे अब्बा म्हणतात, 'हो गया, नूर. साँस ले.' आणि झाकण पुन्हा उचलल्याचा आवाज येतो, तुझी अम्मी हसते, आणि हसता हसता धाप लागते, आणि ती म्हणते..."

"काय?"

"म्हणते, 'मैं तो लेतीच हूँ. रोकके तो तुम खड़े हैं.'"

रेहानानं तोंडावर हात ठेवला.

"परत सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.